फुलावर आलेला हरभरा

बाजारात हरभऱ्याची भाजी आली की माझं डोकं फिरतं. भाजीचा यात काही दोष नाही. ओल्या पोत्यावर हिरवागार ढीग असतो, मागे बसलेली बाई मूठ भरून तराजूत टाकते आणि तो आंबट, कोवळा वास नाकात शिरतो. माझ्या वयाच्या बायकांना त्या वासानं माहेर आठवतं. मलाही आठवतं, पण माहेराच्या आधी मला एक लाल रेघ आठवते. ती मीच मारलेली आहे, शाळेच्या एका कागदावर, आणि ती चुकीची होती हे मला मारतानाच माहीत होतं.

भाजी बाजारात येते त्याच सुमारास आमच्या शाळेत परिपत्रकही येतं. दोघांचा मुहूर्त कसा जुळतो देव जाणे. 'शेतकऱ्यासोबत एक दिवस.' उद्दिष्टं: मुलांची मातीशी नाळ जोडणे, श्रमप्रतिष्ठा रुजवणे, बळीराजाविषयी कृतज्ञता निर्माण करणे. खाली सूचना: जुने बूट घालावेत, टोपी आवश्यक, सॅनिटायझर सोबत ठेवावे, शेतातील कोणताही पदार्थ खाऊ नये. श्रमप्रतिष्ठा आणि सॅनिटायझर एकाच कागदावर मावतात याचं मला दरवर्षी नव्यानं आश्चर्य वाटतं. शेतातलं काही खायचं नाही, तर मग मुलांनी डब्यात काय आणायचं? पोळी काय कारखान्यातून येते?

मी बुलढाण्यात पंचवीस वर्षं मराठी शिकवते आहे. त्याआधीची मी सुलतानपूरची. आमच्या काळ्या रानात दिवाळीनंतर हरभरा पेरायचे, आणि थंडी पडायला लागली की आई आम्हा बहिणींना भल्या पहाटे शेंडे खुडायला न्यायची. हरभऱ्याचा शेंडा वेळेवर खुडला की झाड रागावून गप्प बसत नाही, चार बाजूंनी फांद्या काढतं. जितक्या फांद्या तितके घाटे, म्हणजे दाण्यांच्या शेंगा. म्हणजे भाजीही मिळते आणि पीकही वाढतं, असा दुहेरी सौदा शेतीत फारसा कुठे नाही. पण त्याचे दिवस मोजके. पानांवर खारट-आंबट दव धरतं, त्याला आमच्याकडे आंब म्हणतात. त्या आंबेनं बोटांची टोकं आधी काळी पडायची, मग तडकायची. भाकरी मोडताना तिखट लागलं की डोळ्यांतून पाणी यायचं. आणि एका सकाळी कुठल्यातरी झाडावर जांभळं फूल दिसायचं, चिमणीच्या डोळ्याएवढं. ते दिसलं की आई कमरेचं फडकं सोडायची आणि म्हणायची, चला घरी. एक शेंडासुद्धा पुढे नाही. फुलाले हात लावला का घाट्याले मुकलं, असं तिचं स्वतःचं वचन होतं, आणि ते ती असं म्हणायची की आम्ही बहिणी हात पाठीमागे बांधूनच रानाबाहेर यायचो.

हे सगळं सांगायचं कारण इतकंच, की मला माहीत नव्हतं अशी पळवाट मला नाही.

करुणा पाचवीत आमच्या शाळेत आली. इंग्रजी माध्यमाच्या खासगी शाळेत गरीब घरच्या मुलांसाठी काही जागा राखून ठेवाव्या लागतात, त्यातली एक तिची. धाडच्या रस्त्यावरच्या एका फाट्यावरून ती रोज एसटीनं यायची. गणवेश कडक धुतलेला, केसांना तेल, आणि बोलणं अगदी तिच्या गावचं. पहिल्याच आठवड्यात ती उभी राहून म्हणाली की मले फळ्यावरचं दिसत नाही. वर्ग हसला. मी वर्गाला गप्प केलं आणि मग तिला म्हणाले, मले नाही बाळा, मला म्हणायचं. मोठी उदार होऊन म्हणाले. मी स्वतः वीस वर्षं मले म्हणत वाढलेली बाई. त्यानंतर कितीतरी दिवस ती पोर काही बोललीच नाही. फळ्यावरचं दिसत नाही हे तर तिनं परत कधीच सांगितलं नाही, आणि मीही विचारायचं विसरले.

सातवीत होती तेव्हाची गोष्ट. दिवाळीच्या सुट्टीनंतर ती आठ-दहा दिवस आलीच नाही. आली तेव्हा बोटांवर बारीक चिरा होत्या. कापसाचं बोंड वाळलं की त्याची टोकं सुईसारखी लागतात, वेचणाऱ्याचे हात बघूनच ओळखू येतात. मी ओळखले. वेचणीला मजूर मिळत नव्हते आणि तिची आई एकटी होती. वडील सुरतेकडे कामाला असायचे. मी हे सगळं ऐकून घेतलं आणि प्रगतिपुस्तकात 'उपस्थिती अनियमित' असं लिहिलं. मुलीनं शाळा बुडवून कापूस वेचावा असं मी म्हणत नाही, कधीच म्हणणार नाही. माझा राग वेगळ्या गोष्टीवर आहे. त्याच वर्षी आमच्या नियोजनात एक कृती होती, 'कापूस वेचणीचा अनुभव घेणे', आणि तिला गुण होते. प्रत्येक मुलानं पाच बोंडं वेचायची, कागदी पिशवीत ठेवायची, पिशवीवर नाव लिहायचं. पाच बोंडांना श्रेणी, आणि सबंध वावराला गैरहजेरी. ही आमची श्रमप्रतिष्ठा.

शेतभेटीसाठी त्या वर्षी रस्त्याला लागून असलेलं रान हवं होतं, जिथे बस वळवता येईल. उपक्रम बघणाऱ्या सरांनी वर्गात विचारलं, कुणाच्या ओळखीत आहे का. आणि शेवटच्या बाकावरून करुणाचा हात वर आला. दोन वर्षांत पहिल्यांदा, न विचारता. ती म्हणाली, "आमचं वावर रस्त्यालेच लागून आहे." या वेळी मी दुरुस्त केलं नाही. तिच्या चेहऱ्याकडे बघून माझी हिंमत झाली नाही, एवढंच माझ्या बाजूनं सांगता येईल.

मार्गशीर्षाच्या सुरुवातीला सर आणि मी रान बघायला गेलो. तिची आई कुसुमबाई धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, उभी होती. "जयभीम, बाई," म्हणाली, आणि आम्हाला पाणी द्यायच्या आधी रान दाखवायला घेऊन गेली. रस्त्याकडचा अर्धा एकर हरभरा वीतभर झाला होता. कुसुमबाईनं सांगितलं की वक्त अगदी बरोबर आहे, पोरांना खुडायला आणा, पोरांचे हात लागतील अन् माझंही काम होईल. तोपर्यंत हा तुकडा मी खुडत नाही, तुमच्यासाठी ठेवते. आम्ही बघत असताना तिनं पलीकडच्या तुकड्यातले शेंडे खुडून दाखवले, अंगठा आणि बोट जुळवून, झाडाला झटका न देता. किती वाजता आणता, तेही विचारलं. ऊन चढायच्या आत आणा म्हणाली, म्हणजे आंब बघायला मिळेल. रात्री धुतलेलं पांढरं फडकं हरभऱ्यावर अंथरून ठेवायचं, सकाळी ते ओलं चिंब होतं, पिळलं की बाटलीत आंब. पोटदुखीला एक चमचा पाण्यातून घ्यायची. ती बोलत होती आणि मला जाणवत होतं की या बाईचा पाठ तयार आहे. मी इतकी वर्षं पाठटाचणं लिहिते, पण असा तयार पाठ माझा क्वचितच असतो.

भेट त्याच आठवड्यात ठरली होती. मग कळलं की भेटीला एक प्रमुख पाहुणे येणार आहेत आणि त्यांना त्या दिवशी सवड नाही. पुढची तारीख पडली. त्या तारखेला बॅनर छापून आला नाही. त्याच्या पुढच्या तारखेला शाळेच्या स्नेहसंमेलनाची तालीम निघाली. हरभरा मात्र कुठलीच तालीम न करता वाढत होता.

मधल्या एका सकाळी प्रार्थनेनंतर करुणा माझ्यापाशी आली. आईनं निरोप दिला होता की या आठवड्यात येत असाल तर या, नाहीतर आम्ही खुडून घेतो, फूल लागायला आलं. आता माझ्या आईची पोर म्हणून मला काय करायला हवं होतं? म्हणायला हवं होतं की बाई, तुम्ही खुडून घ्या, आम्ही येऊ तेव्हा दुसरं काही बघू. त्याऐवजी मी सरांकडे गेले, सर मुख्याध्यापकांकडे गेले, आणि संध्याकाळी मी करुणाला सांगितलं की आईला थोडं थांबायला सांग, तारीख पक्की झाली की कळवू. करुणानं मान हलवली. दुसऱ्या दिवशी मी विचारलं, आई काय म्हणाली? ती म्हणाली, थांबते म्हणाली.

शाळेचा शब्द म्हणून ती बाई थांबली. रानात ज्याला थांबता येत नाही त्याला आम्ही थांबायला लावलं, आणि त्याचं आम्हाला काहीच वाटलं नाही.

संक्रांत झाली आणि एकदाची बस निघाली. ऊन चढायच्या आत पोचायचं होतं, आम्ही पोचलो अकराला, कारण बस निघायच्या आधी दीपप्रज्वलन झालं. शेताच्या भेटीला दीपप्रज्वलन. हरभऱ्यावर अंथरलेलं फडकं तोपर्यंत वाळून कडक झालं होतं. कुसुमबाईनं ते पहाटेच पिळून घेतलं होतं. धुऱ्यावर एका दगडाच्या सावलीत काचेची बाटली होती, तिच्यात दोन बोटं गढूळसर पाणी. बाजूला पेल्यात साधं पाणी आणि एक चमचा. तिनं पोरांना जवळ बोलावलं, बाटली उचलली, आणि सर पुढे झाले. ते अगदी सौम्यपणे म्हणाले की काही चाखायचं नाही, पालकांना तसं कळवलेलं आहे. कुसुमबाईनं हसून बाटली खाली ठेवली. पोरांनी बाटलीचा वास घ्यायलासुद्धा रांग लावली नाही, कारण तेवढ्यात फोटो काढणारे आले होते.

बॅनरवर फेटेवाला शेतकरी होता, मिशा पिळलेला, खांद्यावर नांगर. प्रत्यक्षात समोर एक मध्यम वयाची बाई, अंगावर नवऱ्याचा जुना शर्ट आणि डोक्याला रुमाल. फोटो काढणाऱ्याला ते काही पटेना. त्यानं शेजारच्या रानातून नामदेवआबांना बोलावलं. आबा सत्तरीचे, त्यांच्या डोक्याला खरंच पागोटं होतं. त्यांनी तिथल्या तिथे सांगितलं, "हे वावर माह्यं नाही बाप्पा, कुसुमचं आहे." फोटोवाला म्हणाला, आबा, फक्त एक फोटो. आबा उभे राहिले, दोन मुलं त्यांच्या बाजूला, मध्ये पाहुणे. कुसुमबाई बॅनरची दोरी धरून कडेला. तो फोटो आजही आमच्या शाळेच्या जिन्याच्या भिंतीवर चौकटीत लावलेला आहे. खाली लिहिलंय, 'बळीराजाच्या सहवासात'. बळीराजा त्या फोटोत नाही. तिच्या हातातली दोरी तेवढी आली आहे.

मग कृतिपत्रिका वाटल्या. कृती एक, बैलजोडीचे निरीक्षण. बैलजोडी नव्हती, तिथे ट्रॅक्टर बघून बरोबरची खूण केली. कृती दोन, कापूस वेचणे. पराटीवर, म्हणजे कापसाच्या झाडांवर, शेवटची रुसलेली बोंडं होती, ती झाली. कृती तीन, हरभऱ्याचे शेंडे खुडणे, प्रत्येकी वीस.

रस्त्याकडचा तो अर्धा एकर सगळा जांभळा झाला होता. खुडायच्या वेळी खुडला नव्हता म्हणून उंच, एकेरी वाढलेला, पण फुलानं भरलेला.

कुसुमबाई माझ्यापाशी आली. पाहुण्यांकडे नाही, सरांकडे नाही, माझ्यापाशी, कारण मीही रानातली आहे हे तिनं पहिल्या भेटीतच ओळखलं होतं. हळू आवाजात म्हणाली, "बाई, आता फूल लागलं. आता खुडू नोका देऊ पोरायले. पलीकडं मेथी आहे, ते उपटा म्हना."

मी सरांना सांगितलं. सांगितलं म्हणजे काय, कानाशी जाऊन पुटपुटले. सर म्हणाले, मॅडम, पत्रिकेत छापलंय, पाहुणे उभे आहेत, दोन-चार शेंड्यांनी काय होतं? आणि मी परत येऊन कुसुमबाईला म्हणाले, थोडंच खुडतील. हे मी म्हणाले. माझ्या तोंडून गेलं. तिनं माझ्याकडे बघितलं, मग रानाकडे, आणि पदरासारखं ते रुमालाचं टोक तोंडाशी धरलं.

मुलांचा काय दोष? त्यांना सांगितलं वीस, त्यांनी वीस खुडले. मग कुणाच्या तरी लक्षात आलं की फुलांचे शेंडे जास्त छान दिसतात. मुली त्यांचे गुच्छ करायला लागल्या. मुलांनी पैज लावली. सर शिट्टी वाजवून शाब्बास म्हणत होते. पाहुण्यांनीही दोन शेंडे खुडले, त्याचा वेगळा फोटो. अर्ध्या तासात रस्त्याकडच्या ओळी बोडक्या झाल्या. आंबेनं हात चुरचुरायला लागले तेव्हा सॅनिटायझर निघालं, आणि बोंडांनी ओरखडलेल्या बोटांवर ते लागून दोन मुलं रडली.

करुणा एकटी रानाच्या मधोमध उभी होती. तिचे हात पाठीमागे होते. कुणी बांधायला सांगितले नव्हते. मी माझ्या आईच्या रानात जशी उभी राहायचे तशी ती उभी होती. मी धुऱ्यावरून बघत होते.

निघताना कुसुमबाईचा सत्कार झाला. शाल, श्रीफळ आणि एक सन्मानचिन्ह, त्यावर काचेत नांगर. भर दुपारच्या उन्हात तिच्या खांद्यावर शाल घातली गेली. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, मीही. ती पाहुण्यांच्या खांद्यावरून मागे बघत होती. बस वळली तेव्हा मी खिडकीतून पाहिलं, करुणा बसमध्ये चढली नव्हती. ती आईबरोबर थांबली होती, आणि आंबेची ती बाटली तिच्या हातात होती. बसमध्ये शेतकऱ्याची गाणी म्हटली गेली. शाळेत पोचलो तेव्हा फुलांचे गुच्छ माना टाकून सीटखाली पडले होते. शिपाईकाकांनी केरसुणीनं गोळा केले.

या सगळ्या उपक्रमात एक साधी गोष्ट कुणाच्या डोक्यात का येत नाही, हे मला अजून कळलेलं नाही. शेतात जाऊन शिकण्यासारखं पहिलं काय असेल, तर ते हे, की इथे वेळ आपली चालत नाही. पेरा, खुडा, वेचा, काढा, प्रत्येकाचा दिवस रान ठरवतं. त्या दिवशी घरात लग्न असो की ताप, उठून जावं लागतं. एवढं एक जरी पोरांना कळलं असतं तरी दिवस सार्थकी लागला असता. आणि आम्ही तेच शिकवायला गेलो ते पाहुण्यांच्या डायरीप्रमाणे. अन्न कुठून येतं हे मुलांना कळलं पाहिजे, असं पालक सभेत मोठ्या तळमळीनं म्हणतात. अहो, ज्या घरातून ते येतं त्या घरची पोर तुमच्या मुलांच्या मागच्या बाकावर बसते. तिला विचारा. ती फळ्यावरचं दिसत नाही म्हणून मान वाकडी करून बसली आहे, तेवढं तरी बघा.

सोमवारी कृतिपत्रिका तपासायला माझ्याकडे आल्या. सगळ्यांच्या सारख्या. शेंडे खुडले, खूप मजा आली, शेतकरी आपला अन्नदाता आहे. करुणाच्या पत्रिकेत कृती तीनसमोर खूण नव्हती. तिथे तिच्या गोल अक्षरात लिहिलं होतं, 'फूल आलेला हरभरा खुडत नाहीत. खुडला तर घाटे येत नाहीत. म्हणून मी खुडला नाही.'

सबंध गठ्ठ्यात शेतीविषयीचं एवढं एकच खरं वाक्य होतं. सर शेजारच्या खुर्चीवर होते. म्हणाले, फाईल वर जाणार आहे मॅडम, असलं काही नको, कृती अपूर्ण लिहा. मी लाल पेन घेतलं, वाक्यावरून आडवी रेघ मारली, बाजूला 'कृती अपूर्ण' असं लिहिलं आणि श्रेणी दिली, क. ज्यांनी उभं पीक मोडलं त्यांना अ. वर सहीसुद्धा केली. माझी सही फार सुंदर आहे, सगळे म्हणतात.

पत्रिका मुलांना परत बघायला दिल्या. करुणानं आपली बघितली, घडी घातली आणि नियमाप्रमाणे परत आणून दिली. फाईल वर गेली तेव्हा तिचा कागद मी त्यातून काढून घेतला. तेवढं धाडस मला आलं, कपाटात लपवण्यापुरतं. फाल्गुनात रस्त्यानं जाताना मला ते रान दिसलं. आतल्या तुकड्यात घाट्यांनी वाकलेली झुडपं, आणि रस्त्याकडे काड्या उभ्या. त्या काढायलाही कुणी मजूर लावले नव्हते. जूनमध्ये करुणा आली नाही. गावाजवळच्या शाळेत नाव घातलं असं कळलं. एसटीचा त्रास होतो, असं कारण दाखल्यावर लिहिलं होतं. शाळेनं ते मान्य केलं. शाळेला तेच हवं असतं, मान्य करण्यासारखं कारण.

याला सहा वर्षं झाली. दरवर्षी भेट होते, कधी एका रानात, कधी दुसऱ्या. आता शहरातल्या शाळांसाठी रंगवलेल्या बैलगाड्या आणि झोके असलेली शेतं निघाली आहेत, तिथे हरभरा कुंडीत असतो. यंदा उपक्रमाची जबाबदारी माझ्यावर आली. परिपत्रक टेबलावर, खाली रकाने. शेताचे ठिकाण. शेतकऱ्याचे नाव. भेटीचा दिनांक. मी दोन दिवस तो कागद इकडून तिकडे सरकवत होते. मग रविवारी सकाळी कपाटातून ती जुनी पत्रिका काढली, पर्समध्ये घातली आणि धाडची पहिली एसटी पकडली.

फाट्यावर उतरले तेव्हा ऊन अजून रानात आलं नव्हतं. हरभरा वीतभर होता. कुसुमबाई आणि एक उंच मुलगी ओळींत वाकून खुडत होत्या, कमरेला फडकी बांधून. करुणा आता बी.ए.ला आहे, परीक्षेपुरती आणि आठवड्यातून दोन दिवस कॉलेजात जाते. तिनं मला लांबून ओळखलं आणि सरळ उभी राहिली, वर्गात राहायची तशी. त्याचीच मला लाज वाटली. मी धुरा ओलांडून वावरात गेले, चपला काढून. काय बोलायचं ते एसटीत पाठ केलं होतं, त्यातलं काही आठवलं नाही. मी पर्समधून कागद काढला. त्यावरची लाल रेघ मी सकाळी निघताना दुसऱ्या शाईनं खोडली होती, 'उत्तर बरोबर' असं लिहून श्रेणी बदलली होती, आणि खाली आजची सही. आता तो कागद हातात धरून मला ते सगळं फार पोरकट वाटलं.

करुणानं हिरवट काळे हात फडक्याला पुसले, कागद घेतला, वाचला. रागावली नाही. रागावली असती तर बरं झालं असतं.

"मॅडम," ती म्हणाली, "माह्यं उत्तर तवाबी बरोबरच होतं. ते मले माहीत होतं. तुमालेबी माहीत होतं."

मी म्हटलं, हो.

"मंग तवा धुऱ्यावर काऊन बोलल्या नाही?"

नोकरी, पाहुणे, सर, फाईल, हे सगळे शब्द तिथे, त्या ओल्या रानात, तोंडात घेण्यासारखे नव्हते. मग तिनं कागदाची घडी घालून, नियमाप्रमाणे, मला परत दिला आणि पुन्हा ओळीत वाकली.

कुसुमबाईनंच मला सोडवलं. विचारलं, यंदा पोरं आणता का? इतकं होऊनही ही बाई पोरं आणा म्हणते. ती म्हणाली, "पोरायनं शिकावं, बाई. पन आठ दिस आहेत. मंग फूल लागते. अन् यवढ्या खेपी बाटली चाखू द्या त्यायले." तिनं मला पर्सचं ओझं खाली ठेवायला सांगितलं, आणि बाजूची ओळ दाखवली. मी खुडायला लागले. बोटांना विसर पडला नव्हता. तासाभरात टोकं काळी झाली आणि एसटीत बसेपर्यंत चुरचुरायला लागली.

सोमवारी मी रकाने भरले. शेताचे ठिकाण, धाड रस्ता. शेतकऱ्याचे नाव लिहिताना कुसुमबाईचं पूर्ण नाव लिहिलं. भेटीचा दिनांक या रकान्यात लिहिलं, 'येत्या आठ दिवसांत, सूर्य उगवायच्या आत, फूल लागण्यापूर्वी. नक्की दिवस कुसुमबाई सांगतील.' मुख्याध्यापकांचा दुपारी फोन आला. ते हसत होते. म्हणाले, मॅडम, तारीख टाकायची राहिली तुमची, आणि पाहुण्यांना या महिन्यात वेळ नाहीये, पुढच्या महिन्यात बघू, शेत काय पळून जातंय?

माझ्या उजव्या हाताची बोटं अजून चुरचुरत होती, फोन नीट धरवत नव्हता.

"तारीख तीच आहे, सर," मी म्हटलं. "पाहुणे नसले तरी आम्ही जाऊ. हरभरा थांबत नसतो. एकदा मी थांबवला होता."